जिवंत जंतूंची परीक्षा

उल्काताईंच्या शरीराने स्वतःच्याच सांध्यांशी भांडण काढलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांवर बोटं कशीबशी चालत होती. तेवढ्यात लेकाच्या, गंधारच्या, आयटी कंपनीत कुणा वेलनेस कोचने व्याख्यान झोडलं. गंधारने गोळ्या माळ्यावर टाकल्या आणि प्रोबायोटिकची बाटली आणली.

"आई, एका कॅप्सूलमध्ये पन्नास अब्ज जिवंत जंतू. आतडं सुधारलं की आजार मुळातून जातो."

तीन आठवड्यांत उल्काताईंना स्वतःची वेणी घालता येईना. रविवारी सकाळी त्यांनी कोमट दुधाच्या दोन वाट्या ओट्यावर मांडल्या. एकीत घरच्या दह्याचं विरजण लावलं, दुसरीत गंधारकडून दोन कॅप्सूल फोडून घेतल्या.

संध्याकाळी एका वाटीत घट्ट दही होतं. दुसरीत दूधच.

"अगं, ते दही लावायचे जंतू नसतात," गंधार म्हणाला. "ते सायंटिफिक असतात."

"असतील. माझ्या बोटांनाही त्यांनी काही केलेलं नाही. स्टूल घे, माझ्या गोळ्या काढ. उद्या डॉक्टरांकडे चल आणि त्या कुणी बंद केल्या ते तूच सांग."

गंधार स्टूलवर चढला.

"आणि ते दूध तुझ्या चहात घाल," उल्काताई म्हणाल्या. "शंभर अब्ज आहेत, वाया नकोत."