संस्थेच्या कॉम्प्युटरची झोपमोड

मच्छीमार संस्थेचा कॉम्प्युटर मंजुषा संध्याकाळी झोपवून जायची आणि सकाळी येऊन बघावं तर तो टक्क जागा. झोपवायची म्हणजे हायबरनेट करायची. उघडं काम जसंच्या तसं जपून यंत्र निजतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. पण हे यंत्र तिच्या येण्याची वाट बघायला तयार नव्हतं. गावात पहाटेची लाइन नसते, त्यामुळे ते इन्व्हर्टरवर जागायचं, बॅटरी पिऊन टाकायचं, आणि तलावावरून मासळी येईस्तोवर त्याच बॅटरीवर चालणारा वजनाचा इलेक्ट्रिक काटा मेलेला असायचा.

मंजुषा बी.एस्सी. झालेली. एका वेळी एकच बदल करायचा, हा तिचा नेम. माऊस हलला तर यंत्र उठतं, म्हणून तिनं माऊसची ती परवानगी काढली. मग नेटवर्कची. मग अपडेटसाठी यंत्राला उठवणारे टायमर बंद केले. कॉम्प्युटर तरी पहाटे उठायचाच.

"पुजाऱ्याले बलावू का?" अध्यक्ष देवाजींनी विचारलं.

"नाही भाऊ, कारण सापडेल."

"तू कारण शोधून राह्यली अन् मासोळी सडून राह्यली! उद्या पुन्हा असं झालं, तर मशीन वापस. अन् मशीनच नाई, तं ऑपरेटर काऊन पाहिजे?"

गावातच मिळालेली नोकरी अशी निघाली म्हणताना मंजुषानं यंत्राची नोंद उघडली. शेवटचं जागं होण्याचं कारण लिहिलं होतं: पॉवर बटन. म्हणजे कुणीतरी ते दाबत होतं. आणि खोलीची किल्ली तर तिच्याच पर्समध्ये!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच ती आतून कडी लावून टेबलामागे बसली. थोड्या वेळानं खिडकीच्या गजांतून एक काळासावळा हात आत आला आणि कॅबिनेटकडे सरकला. बोट बटनावर टेकलं, पंखा घुरघुरला, आणि मंजुषानं मनगट गच्च धरलं.

"अयाया! मशीननं धरलं वं! मशीननं धरलं!"

"इस्तारीभाऊ? मी आहे, मंजुषा!"

गजांपलीकडे खांद्यावर जाळं घेतलेले म्हातारे इस्तारीभाऊ मनगट सोडवायला धडपडत होते.

"बटन काऊन दाबता?"

"कोण दाबते? पाया पडून राह्यलो ना मी. दसऱ्याले आम्ही डोंगा पुजला, जाळं पुजलं, मंग याले काऊन सोडाचं? पाण्यात उतराच्या आधी अवजाराच्या कुकवाले हात लावाचा अन् आपल्या कपाळाले."

मंजुषानं टॉर्च मारला. गोल बटनावर कुंकवाचा नेमका गोल टिळा होता. इतके दिवस तिनं तो शोभेचा समजला होता.

"कुंकू मॉनिटरला लावायचं होतं."

"तूच तं सांगतलं, डोकं डब्यात हाये म्हणून!"

हे खरं होतं. इस्तारीभाऊंना पाया पडू नका म्हणणं शक्य नव्हतं, आणि कुंकू पुसलं असतं तर पूर्ण तलाव रुसला असता. मंजुषानं क्षणभर विज्ञानाची मनातल्या मनात माफी मागितली.

"भाऊ, डोकं डब्यातच आहे. पण कपाळ वर असतं. हे त्याचं नाक आहे."

इस्तारीभाऊंचा हात झटक्यात बाहेर गेला. "अरे बाप्पा! मी रोज नाक दाबून राह्यलो त्याचं?"

तिनं कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर नवं कुंकू लावलं, खालचं पुसलं आणि यंत्र पुन्हा झोपवलं. इस्तारीभाऊंनी खिडकीतून हळूच, फुंकर घालावी तितक्या हलक्या हातानं, त्या नव्या कपाळाला स्पर्श केला. पंखा गप्पच राहिला.

मासळी आली तेव्हा काटा लख्ख पेटला होता. देवाजींनी झोपलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं, मग मंजुषाकडे.

"सुधरलं? काय झालतं त्याले?"

मंजुषा तोंड उघडणार, तेवढ्यात टोपलं उतरवता उतरवता इस्तारीभाऊच बोलले, "काई नाई देवाजी. जीव गुदमरून राह्यला होता त्याचा. ह्या पोरीनं वाचवलं. तिले ठेव."