पाण्याच्या पुढे वीस मिनिटं

माझं मॉडेल डिंभे धरणाच्या कालव्याचं होतं. दार उघडल्यावर कोरड्या कालव्यातून पाण्याचं तोंड घोडेगावच्या पुलाखाली किती वेळात पोहोचेल, एवढंच संगणकाने सांगायचं. तो म्हणे, दोन तास चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात पाणी वीस मिनिटं आधीच आलं. पुलावर मी स्वतः उभी होते. दार उघडल्याची वेळ आमच्या प्रयोगशाळेतल्या गोरखने आणली होती. त्याचं घर दारापासून हाकेच्या अंतरावर.

अवसरीच्या कॉलेजात विभागप्रमुखांनी सोपा उपाय सुचवला. कालव्याच्या खडबडीतपणाचा आकडा कमी करा, पाणी पळेल, वेळ जुळेल. पण तो आकडा मी कालव्यात उतरून, अस्तर हाताने चाचपून ठरवला होता. तो बदलला तर पुढचं प्रत्येक उत्तर खोटं. शेवटी ठरलं, पुढच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटेल तेव्हाही जुळलं नाही तर आकडा बदलायचा.

आवर्तन सुटायच्या सकाळी मी डिंभ्याला गोरखच्या घरी पोहोचले. त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, चहा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी ताडकन उठले. दार उघडायची वेळ होऊन गेली होती.

"बसा वो बाई," झुंबरबाई म्हणाल्या. "ते येष्टीसाठी पुढं ठेवल्यालं हाये."

मी मनगटावर पाहिलं. बरोबर वीस मिनिटं पुढे.

मागच्या खेपेची वेळ याच घड्याळातली का, असं मी गोरखला विचारलं.

"व्हय मॅडम. येष्टी धरायची आसंल तर आमी वीस मिन्टं वजा करतो. पाण्याला कशाला करायची?"

म्हणजे दार नोंदीच्या वीस मिनिटं आधीच उघडलं होतं. मला हसू आवरेना. निमगाव सावाला आमच्या घरचं घड्याळही असंच पुढे असतं, तरी मला सुचलं नव्हतं.

पण हसण्याने काही सिद्ध होत नाही. या वेळी दोन्ही टोकांना एकच घड्याळ, माझं. दार उचललं गेलं, मी वेळ पाहिली आणि गोरखच्या मोटरसायकलवर मागे बसले. पाण्याला मागे टाकून आम्ही पुलावर आलो. कालवा कोरडा होता. मागच्या खेपेइतके दोन तास वीस मिनिटं उलटली तरी कोरडाच.

आणि वळणावर ते दिसलं. सुकी पानं, बाभळीच्या शेंगा ढकलत येणारं गढूळ तोंड. पुलाखाली शिरलं तेव्हा मी काटा पाहिला. दोन तास एक्केचाळीस.

"एक मिन्ट कुठं गेलं?" गोरखने विचारलं.

ते माझ्या मॉडेलच्या चुकीचं, मी म्हणाले. आकडा तसाच राहणार होता.

आईला घड्याळ नीट करायला सांगू का, असंही तो म्हणाला.

"नको. त्यांची एसटी चुकेल."