विमला सिस्टरची साक्ष

“तो व्हिडिओ काढून टाक,” ताई म्हणाली. संदेशने मोबाईलमधून मान वर केली नाही, तेव्हा तिने पुन्हा म्हटलं, “संदेश, मी तुझ्याशी बोलतेय.”

“कुठला व्हिडिओ?”

“माझा. दुसरा कुठला?”

मी ताईच्या डोक्याला खोबरेल चोळत होते. केमोने केस गेले होते आणि कातडी सारखी खाजायची. भाच्याच्या तोंडाकडे मी नीट बघितलं. कुठला व्हिडिओ ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वेड पांघरून पेडगावला जायची त्याची सवय लहानपणापासूनची.

“आई, किती लोकांनी बघितलाय तो! लोकांना आशीर्वाद मिळतोय त्यातून.”

“त्यातल्या एका बाईने दवाखाना सोडलाय,” ताई म्हणाली.

सकाळीच रत्नागिरीजवळच्या पालीहून फोन आला होता. मृणाली नावाची कोणी सून. ताईची-तिची ओळख नाही, नंबर तिने मोबाईलवरच्या संदेशच्या पेजवरून शोधलेला. तिच्या सासूला, गोदाबाईला, ताईचाच आजार. छातीत गाठ. पावसाआधी ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तेवढ्यात शेजारणीने मोबाईलवर ताईचा व्हिडिओ दाखवला आणि सासू हटून बसली. त्या सिस्टरना देवाने बरं केलं, तसं मलाही करील, मी नाही कापून घ्यायची. आता दिवाळीही होऊन गेली, गाठ फुटून वाहायला लागली. डॉक्टर म्हणतात, अजून आणा, काहीतरी करता येईल. पण ती घरातून हलत नाही. “तुम्ही खरंच बऱ्या झालात का हो?” मृणालीने विचारलं. “नाही गो बाय,” ताई म्हणाली.

विमलाताई माझी थोरली बहीण. रत्नागिरीतल्या दवाखान्यात जन्मभर नोकरी केली, त्यामुळे सगळा गाव तिला सिस्टरच म्हणतो. मच्छीबाजारात बांगडे घ्यायला गेली तरी कोणी तरी “सिस्टर, ह्याचा ताप उतरत नाही बघा” म्हणत पोर पुढे करायचं. तोंडाने गोड नाही. “बरा होईल ना हो?” असं कोणी विचारलं तर “ते मला कसं ठाऊक?” म्हणायची आणि पेशंटजवळ बसून राहायची. खोटा धीर तिने कधी कोणाला दिला नाही. आणि त्याच बाईच्या तोंडी आता जगभर फिरत होतं, “प्रभूने मला बरं केलं आहे.”

ते वाक्य तिचंच. नाकारायचं कारण नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांत साक्ष द्यायची रीत आहे. उपासनेत उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. संदेश प्रार्थनेच्या ज्या संगतीत जातो, तिथे त्याच्याही पुढची पायरी. मागितलेलं मिळण्याआधीच मिळालं असं कबूल करायचं. ऑपरेशननंतर महिन्याभराने ताई तिथे मुलाच्या हाताला धरून उभी राहिली आणि ते बोलली. हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. त्यातल्या निम्म्यांनी तिला तांदळाची पेज करून आणलेली, काहीजणी ऑपरेशनच्या वेळी कोल्हापूरला तिच्या उशाशी बसलेल्या. ही किती आशेने बोलतेय आणि बोलताना टाके कुठे ओढतायत, सगळं त्यांना कळत होतं. संदेशने ते मोबाईलवर घेतलं आणि पेजवर टाकलं. बाहेरच्या माणसाला ना टाके दिसले ना पेजेची वाटी. त्यांना ते डॉक्टरच्या सर्टिफिकेटासारखं वाटलं.

श्रावणात तपासणी झाली. आजार लिव्हरमध्ये गेलाय म्हणाले. व्हिडिओ होता तिथेच राहिला.

संदेश वाईट पोरगा नाही, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल मावशीला भाच्याचं बघवत नाही. जयगडच्या बंदरात ऑफिसात आहे, निर्व्यसनी आहे. आधी तो ब्लॉग लिहायचा, ‘वचनाचा दिवा’ नावाचा. बाप गेला तेव्हा त्याने लिहिलं होतं, मला प्रार्थना करता येत नाहीये, देवाशी माझं बोलणं बंद आहे. वाचून मी शिवणाचं मशीन थांबवून रडले होते. किती खरं लिहिलेलं! ते वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यात एक मी. मग म्हणाला, “मावशी, ब्लॉग कोण वाचतं आता?” आणि व्हिडिओ सुरू केले. तेव्हापासून त्याचं देवाशी बोलणं कधी बंद पडलेलं मी पाहिलं नाही.

“काढ म्हणतेय ना ती,” मी म्हटलं. “तिचा चेहरा, तिचा आवाज. तुझ्या बापाची पेंड आहे का?”

“आणि मग काय लिहू तिथे?” तो एकदम ओरडला. “आई मरतेय, चूक झाली, माफ करा, असं लिहू?”

बोलून गेला आणि स्वतःच पांढरा पडला. त्या घरात तो शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. मग खाली बसला आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागला. “मी तो काढला तर आपणच हरलो असं होईल गं. मग तू जाशील.” ताई त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त चीड आली.

“तुझ्या भीतीपायी ती पालीची बाई जाईल रे मेल्या,” मी म्हटलं.

शेवटी ठरलं, दुसरा व्हिडिओ करायचा. ताई पडवीत खुर्चीवर बसली. “स्कार्फ बांध आई,” संदेश म्हणाला. “नको,” ती म्हणाली. आणि वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरला पेशंट सोपवताना बोलावं तशी सरळ बोलली.

“मी विमला. मी बरी झालेली नाही. माझा आजार पसरलाय. ऑपरेशन करून घेतलंय, औषधं चालू आहेत, ती मी सोडलेली नाहीत. माझं ऐकून कोणी सोडली असतील तर उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. देवावर माझा विश्वास आहे. त्याने ठेवलं तर राहीन, नेलं तर जाईन. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

संदेशने मोबाईल खाली घेतला. डोळे पुसत म्हणाला, “टाकतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईला माझ्या मोबाईलवर पेज उघडून दिलं. मागे बारीक पियानो वाजत होता. ताईच्या टकलावर सोनेरी उजेड पाडलेला. ती म्हणत होती, “देवावर माझा विश्वास आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.” संपलं. खाली लिहिलेलं, ‘एका मातेचा अढळ विश्वास’. त्याच्याखाली हात जोडलेली चित्रं आणि ‘हालेलूया’ची रांग लागलेली. आणि जुना व्हिडिओ जागच्या जागी!

मी संदेशला फोन लावला.

“मावशी, पास्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, पूर्ण टाकलं तर कच्च्या विश्वासाची माणसं अडखळतील.”

“अडखळू देत! दवाखान्याच्या पायरीवर अडखळली तर बरंच आहे!”

त्याने फोन ठेवला. मग मी त्या व्हिडिओखाली स्वतःच लिहिलं, विमला सिस्टर बऱ्या झालेल्या नाहीत, मी त्यांची सख्खी बहीण नम्रता. चहा उकळेपर्यंत ते पुसून टाकलेलं. पुन्हा लिहायला गेले तर पेजच दिसेना. ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवला, त्याने मला ब्लॉक केलं होतं.

ताईला काय वाटलं असेल ते असो. ती रडली नाही, मुलाला एक शब्द बोलली नाही. नुसतं विचारलं, “पालीची गाडी कधी असते गो नमे?”

“रिक्षा करू. तुला उभंसुद्धा राहवत नाही.”

“एसटीत बसायला मिळतं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी एसटीनेच निघालो. वाटेत हातखंब्याच्या पुढे रस्ता उखडलेला. प्रत्येक धक्क्याला ती डोळे मिटायची, आणि पुढच्या सीटचा दांडा धरून बसायची.

मृणाली स्टँडवर न्यायला आली होती. घर आत होतं, जांभ्याचं, पुढे सारवलेलं खळं. दारातच मला वास आला. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही, पण तिला माझ्याआधीच आला असणार. गोदाबाई खाटेवर बसली होती. पदर घट्ट ओढून घेतलेला. ताईला बघून तिचा चेहरा असा उजळला की बघवेना.

“सिस्टर! मोबाईलातल्या सिस्टर! मृणाली, बग गो, माज्या घरात आल्या!”

ती वाकून पाया पडायला लागली. ताईने तिचे हात वरच्या वर धरले आणि तिच्या शेजारी खाटेवर बसली. स्कार्फ सोडला.

“बघ माझ्याकडे गोदाबाई. मी बरी नाही झाले. मीपण कापून घेतलं, औषधं घेतली, तरी पसरलंय. माझं उशिरा कळलं. तुझ्याकडे अजून वेळ आहे. माझ्याबरोबर चल, मी थांबते तुझ्याजवळ.”

गोदाबाई तिच्या डोक्याकडे बघत राहिली. हात हळूच सोडवून घेतले.

“मंग तुमी मोबाईलात बोललांत ता खोटा?”

“आशेने बोलले. पण तू ते खरं धरून बसलीस, म्हणून सांगायला आले.”

गोदाबाईने मान खाली घातली. मृणाली स्वयंपाकघराच्या दारात पदराचा बोळा करून उभी होती. मला वाटलं, पटलं. मग गोदाबाईच्या तोंडावर काहीतरी बदललं, आणि माझ्या लक्षात आलं की तिला ताईची दया येतेय.

“नाय ओ सिस्टर,” ती समजुतीने म्हणाली. “देवान तुमाला बरा केला व्हता. तुमीच परत औषदां घेतलीत, तितं चुकला. तुमचा इस्वास कमी पडला. माजा नाय पडनार.”

“अहो बाई, तोंडाला काही...” मी उठलेच. बापाच्या मांडीवर बसून ताई प्रार्थना शिकली, मुडद्यांना आंघोळी घालताना तिने गीतं म्हटली, आणि हिने काल मोबाईलवर देव बघितला! पण ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी खाली बसले. ते वाक्य तिला कुठे लागलं, ते मला दिसलं. पुरुषासारखी खंबीर माझी बहीण, क्षणभर तिचा ओठ लहान पोरीसारखा वाकडा झाला.

मग ती उठली.

“मृणाली, पाणी उकळून आण. आणि एक स्वच्छ सुती साडी असेल तर फाडून दे.”

दार लोटून घेतलं. गोदाबाईने आधी नाही-नाही केलं, मग पदर बाजूला केला. ताईने जखम धुतली. घाई केली नाही, नाक मुरडलं नाही, मध्ये एकदा भिंतीला टेकून दम घेतला आणि परत वाकली. गोदाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “किती दिसांनी कोनी हात लावला,” ती म्हणाली. पट्टी बांधून झाल्यावर तिने ताईचा हात धरला. “सिस्टर, येक प्रार्थना करा माज्यासाटी. तुमी केलीत तर पावंल.”

ताईने डोळे मिटले.

“प्रभू, हिचं दुखणं तू बघतोस. हिला उद्या सकाळी उठून दवाखान्यात जायची बुद्धी दे. डॉक्टरांच्या हाताला यश दे. माझ्यामुळे जे चुकलं, त्याचं माप हिच्या पदरात घालू नकोस. येशूच्या नावाने मागते.”

“आमेन,” मी म्हटलं. दाराआडून मृणालीही चाचरत म्हणाली.

गोदाबाईने ओठ मिटून घेतले होते. तिला ती प्रार्थना नको होती. ताईने डोळे उघडले नाहीत. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला, तरी ती तशीच मान खाली घालून बसून राहिली, गोदाबाईच्या आमेनची वाट बघत.