वाया जाणारे दोन फोटो

मित्रांनो, मी एक जुना, रोलचा कॅमेरा आहे. सध्या मुक्काम घाटकोपर, लोखंडी कपाट, वरचा कप्पा. शेजारी डांबराच्या गोळ्या असतात. त्या दोन-तीन महिन्यांत विरून जातात. मला ती सोय नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, असं माझ्या बुडावर कोरलंय. मला स्वतःला काही आठवत नाही. तेव्हा माझ्यात रोल नव्हता.

खरं आयुष्य सुरू झालं ते दादू प्लंबरांकडे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची टाकी त्यांनी दुरुस्त केली, तेव्हा त्याने खूश होऊन मला त्यांच्या हातात ठेवलं. लोक माणसांचे फोटो काढतात, डोंगरांचे काढतात. माझे मालक पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबांचे काढायचे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडलं की आत आभाळ असतं, हे प्लंबरशिवाय कोणाला माहीत असणार? खालून गिऱ्हाईक ओरडायचं, "दादू, गळती मिळाली काय?" हे वरून शांतपणे सांगायचे, "ढग जाऊ दे, मग बघतो."

एकदा मंडळाच्या स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पवईच्या तलावातल्या झाडांचा फोटो होता. आयोजकांनी तो उलटा टांगला होता. दादूंनी तो तसाच टांगलेला राहू दिला, कारण बक्षीस उलट्यालाच मिळालं होतं.

पण या सगळ्या पाण्याच्या मागे कारण एकच होतं. त्यांची बायको, वनमाला. लग्नाआधी तिचा स्टुडिओत काढलेला फोटो सात स्थळांकडे गेला आणि सातही ठिकाणांहून परत आला. आठवं स्थळ दादूंचं. त्यांनी फोटो मागितलाच नाही. मात्र फोटो सातदा परत आल्यापासून कॅमेरा दिसला की वनमाला तोंड फिरवायची. लग्नाच्या अल्बममध्ये ती मुंडावळ्यांआड आहे. मोबाइलमधल्या फोटोंत तिचा तळहात फार चांगला आला आहे. आधार कार्डावर फोटो आहे, पण ती वनमाला असल्याचा पुरावा खाली छापलेलं नाव एवढाच.

"माका फोटोबिटो नको," ती म्हणायची.

"पाण्यातला काढू?" दादूंनी एकदा विचारलं.

तिने विचार केला. "काढा. पाण्यातलो फोटो कोण परत धाडतलो?"

मग मी तिला पाण्यातच बघत आलो. मोरीतल्या पिंपात, खारदांड्याला ओहोटीनंतर राहिलेल्या डबक्यांत. उलटी, हलणारी, हसणारी.

पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात गेलो. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी श्रुतिका हिने बाबांच्या वाढदिवसाला कुठूनसा एक रोल मिळवून आणला. आता सांगतो ते नीट ऐका. रोल भरताना त्याच्या तोंडाला उजेड लागतो. म्हणून झाकण लावल्यावर दोनदा उगाच बटण दाबायचं आणि रोल पुढे सरकवायचा. हे दोन फोटो हिशोबात नसतात, आले तर आले. वाया जाणारे म्हणतात त्यांना. दादू तेव्हा समोर जे असेल त्यावर मला रोखायचे. वनमालाला हे ठाऊक होतं. त्यामुळे त्या वेळी ती तोंड फिरवायची नाही, बोलणंही थांबवायची नाही.

तो रोल दादूंनी पुरवून पुरवून वापरला. छत्तीस फोटो, त्यांतल्या तिसांत वनमाला. छत्तिसावा झाला आणि धुवायला देऊ, देऊ म्हणत राहिला. या जानेवारीत वनमाला गेली. ताप आला होता, एवढंच.

दहाव्या दिवशी तिचा भाऊ श्यामकांत म्हणाला, "दाजी, भिंतीवर लावायला फोटो लागेल ना? रोल द्या, मी धुऊन आणतो."

दादूंनी मला कपाटातून काढलं. ते आयुष्यभर लोकांना सांगत आले, आधी मेन वॉल्व बंद कर, मग नळ खोल. माझ्या बाबतीतही तसंच असतं. आधी रोल मागे गुंडाळायचा, मग झाकण. त्या दिवशी त्यांनी थेट झाकण उघडलं. खिडकी समोरच होती.

तीन-चार सेकंद ते नुसते आत बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं.

"काय झालं, बाबा?" श्रुतिकाने विचारलं.

"तिला पुसली मी," दादू म्हणाले.

मित्रांनो, उजेड हेच माझं अन्न आहे, आणि माझ्या पोटातलं मेलं तेही त्यानेच. तरी श्यामकांतने रोल नेला. छत्तीसच्या छत्तीस पांढरे निघाले. पण फिल्म आत वेटोळं करून बसते, आणि सगळ्यात आतल्या वेटोळ्यापर्यंत उजेड पोहोचला नव्हता. तिथे सगळ्यात आधी गुंडाळले गेलेले ते वाया जाणारे दोन होते. एकात पंखा. दुसऱ्यात वनमाला.

सुलटी. स्थिर. सरळ माझ्याकडे बघत, तोंड अर्धं उघडं, हातात शेपटीला धरलेला बांगडा.

"दाजी, हार घालायच्या फोटोत बांगडा?" श्यामकांत म्हणाला. "भटजी जेवायचे नाहीत."

"त्यांना कोण वाढतंय बांगडा? कापू नकोस. तिच्या हातातला आहे तो."

शेवटी लांब हार आणला. बांगडा झाकला गेला, शेपूट तेवढी दिसते.

आता दादू रोज संध्याकाळी फोटोसमोर उभे राहतात. "काय सांगत होतीस गो?" असं विचारतात. श्रुतिका म्हणते, "पुरे करा म्हणत असेल, बाबा." ते मान हलवतात. त्यांना वाटतं, काहीतरी मोठं असणार.

कपाटाचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तिने काय म्हटलं तेही मी त्या दिवशी ऐकलं होतं. पण माझ्यात उजेड साठतो, आवाज नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा कोणी असेल तर झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळा. वर्षातून एकदा लेन्स पुसा, मऊ कापडाने. आणि वाया जाणारे फोटो जपून वाया घालवा. समोर कोण बसलंय ते बघा, आणि ते काय बोलतंय तेही ऐका.

ती म्हणाली होती, "अवो, चाय बघा. उतू जाता."

दादू माझ्यातून तिच्याकडे बघत होते. चहा उतू गेला.