रंभाबाईंचा ताणकाटा आणि होडीची घंटा

मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये स्प्रिंग. एवढेच माझे शरीर. मित्रांनो, मी वजन करतो असे लोक म्हणतात. ते अर्धसत्य आहे. मी फक्त ताणला जातो, आणि किती ताणलो ते लपवत नाही.

कळंबोलीच्या लोखंडबाजारातून रंभाबाईंनी मला आणले. पनवेलच्या मासळीबाजारात मी सव्वीस वर्षे सुरमई आणि घोळ तोलली. गिऱ्हाइके माझ्यावर संशय घेत. तो त्यांचा अधिकारच होता. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि माझी रवानगी खिळ्यावर झाली.

२०११च्या मे महिन्यात रंभाबाई युरोपच्या सहलीला निघाल्या. "परक्याच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाय," म्हणत त्यांनी मला बॅगेत टाकले. बारा दिवसांत मी सहा देशांतून फिरलो आणि बॅगेचे अस्तर पाहिले. माझ्या सहप्रवाशांनी फार अधिक पाहिले असे नाही. सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. निवृत्त बँक अधिकारी कमलाकर एका हिमशिखरासमोर उभे राहून पत्नीला विचारत होते, "शशिकला, हा डोंगर कालचाच ना गं?"

स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात रंभाबाईंनी गाईच्या गळ्यातली मोठी पितळी घंटा घेतली. त्यांचा मुलगा काशिराम उरणहून समुद्रात जातो. मागच्या हिवाळ्यात धुक्यामध्ये एक ट्रॉलर त्याच्या होडीला घासून गेला होता. होडीला आवाज हवा, हे तेव्हापासून त्यांच्या मनात होते.

परतीच्या सकाळी टूर मॅनेजर विश्वजीत हॉटेलच्या अंगणात सर्वांच्या बॅगा तोलू लागला. मर्यादा वीस किलोंची होती. त्याच्या हातात खिशात मावणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र होते. विमानाची घाई असल्याने तो प्रत्येक बॅग झपकन उचलत होता. प्रत्येक बॅग जास्त भरत होती. फरसबंदीवर लोणच्याच्या बरण्या आणि शशिकलाबाईंचा कुकर मांडला गेला.

"आजी, बावीस! घंटा काढा."

"मी खोलीत तोललंय. साडेएकोणीस हाय." रंभाबाईंनी मला वर धरले.

"आजी, हा मासळीबाजार नाही. ही मशीन डिजिटल आहे."

मित्रांनो, मला सुकटीचा वास येतो, हे मान्य. पण वास हा मोजमापातील त्रुटीचा पुरावा नव्हे.

रंभाबाईंनी पाण्याची लिटरची बाटली पुढे केली. "हिला उचल. आताच उचललंस तशीच."

त्याने उचलली. यंत्राने सव्वा किलो दाखवले.

"आता हळू उचल. हात हलवू नको."

एक किलो.

 कारण साधे होते. झटक्याने उचललेली वस्तू क्षणभर जड भरते, आणि ते यंत्र तोच सर्वांत मोठा आकडा धरून ठेवत होते.

"रंभाताई, तुम्हाला कसं कळलं?" कमलाकरांनी विचारले.

"कसं म्हंजे? धंद्यात नवीन होते तवा मीच झटका मारायची. एका म्हातारीनं हात धरला माझा. मंग सोडलं."

ते खरे आहे. त्या झटक्यांचा मी साक्षीदार आहे.

काढलेले सामान परत भरायला लावून विश्वजीतने सर्व बॅगा पुन्हा तोलल्या, सावकाश. रंभाबाईंची साडेएकोणीसच भरली. इतरांच्याही मर्यादेत बसल्या, फक्त कुकरवाली बॅग खरोखरच जास्त होती. "डोंगर बघायला कुकर कशाला आणलास?" असे कमलाकर बसमध्ये दोनदा म्हणाले.

आज ती घंटा काशिरामच्या होडीवर आहे आणि मी पुन्हा खिळ्यावर. मला जपा, तेल घाला, काचेच्या कपाटात ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. जुना आहे म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, आणि जुना आहे म्हणून मला हसूही नका. महिन्यातून एकदा मला एक लिटर पाणी टांगा. चुकलो तर भंगारात द्या. पण शेजारच्या त्या चकचकीत काट्यालाही तेच पाणी टांगा, आणि टांगताना हात स्थिर ठेवा.