डोंगरावरची माती

एइकिचीने बादलीत कालवलेली चिकणमाती परसातल्या तळ्यात ओतली. पाहता पाहता पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि म्हातारी कोई मासोळी दिसेनाशी झाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको मित्सुए म्हणाली, "एकच तर मासा उरलाय आपला. तोही बघू द्यायचा नाही का मला?"

"बसेल माती दुपारपर्यंत. तिच्या अंगाला बरी असते."

"दुकानातल्या मातीच्या पुड्या किती ओतल्यात! फिकी ती फिकीच."

ते खरं होतं. भूकंपात डोंगरावरचं गाव खचलं, यांचं घर दरीत गेलं, उतारावरची माशांची तळी फुटली. बर्फ वितळल्यावर एइकिची वर गेला, तेव्हा एका तळ्यात उरलेल्या गढूळ पाण्यात ही पांढऱ्यावर लाल डागांची मादी जिवंत सापडली. तिला घेऊन दोघं खाली नागाओका शहरात आली. निवृत्त होईपर्यंत त्याने नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवली. इथल्या नळाच्या पाण्यात मासोळीचा लाल रंग उतरत उतरत गाजराच्या सालीसारखा झाला. वयाचं आहे, असं दुकानदाराने सांगून पाहिलं. एइकिचीला ते पटलं नव्हतं.

डोंगरावरच्या आपल्याच तळ्यातली माती आणतो, असं तो त्या दिवशी म्हणाला. मित्सुए इतक्या वर्षांत एकदाही वर गेली नव्हती. घर नाही तिथे पाहुण्यासारखं कशाला जायचं, हे तिचं ठरलेलं उत्तर. आज मात्र तिने एप्रन काढला आणि गाडीत जाऊन बसली.

वरच्या तळ्यात लव्हाळे माजले होते. मधोमध तेवढी ओल होती. एइकिचीने फावडं चालवायला घेतलं. मित्सुए थोडा वेळ बांधावर बसून राहिली. मग तिने बूटमोजे काढले, पँट दुमडली आणि खाली उतरली.

"घसरशील."

"या तळ्यात मी कधी घसरले होते?"

ती हातांनीच माती उपसू लागली. बादली भरत आली तशी घोटाभर चिखलात उभी राहून तिने समोरच्या उघड्या उताराकडे पाहिलं.

"इथून आपल्या चुलीचा धूर दिसायचा."

"हो."

"मला वाटायचं, वर आलेच नाही, तर तो दिसत राहील."

एइकिचीने फावडं बांधाला टेकवलं. त्याने बादली उचलली.

मासोळीचा लाल रंग त्या मातीनेही परत आला नाही, हे पुढे कळायचं होतं. त्या संध्याकाळी त्याने माती तळ्यात सोडली, न्हाणीघरात टब भरला आणि पाणी कढत आहे, तूच आधी जा, हे सांगायला बाहेर आला. मित्सुए पायरीवर बसली होती. घोट्यांवरची माती वाळून राखाडी झाली होती, तिला बारीक भेगा पडल्या होत्या. ती पाय न हलवता बसली होती.

एइकिची आत गेला. पाणी निवू नये म्हणून त्याने टबावर झाकण ठेवलं आणि तिला हाक मारली नाही.