'ह'ची कॅसेट

सेलोटेपचा तुकडा. नखाएवढा, एका कडेला अंगठ्याचा ठसा उमटलेला—नंदकुमारचाच, दुसऱ्या कोणाचा असणार—आणि कॅसेटच्या पाठीवरच्या चौकोनी भोकावर इतका टापटिपीने चिकटवलेला की अरुणाला आधी ती टापटीपच दिसली, मग भोक, आणि मग कुठे लेबलावरचं तिच्याच अक्षरातलं 'ह'. ते भोक तिने स्वतः पाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी, स्क्रू ड्रायव्हरने, ती प्लास्टिकची बारकी जीभ मोडून. म्हणजे रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जाऊ नये, चुकूनसुद्धा कोणी ह्या बाजूवर काही भरू नये. चुकून! चुकून सेलोटेप लागतो का कुठे?

"अहो, ही कॅसेट तुम्ही घेतलीत?" सकाळी तिने विचारलं होतं.

"हां, पंपाच्या उद्घाटनाला. साला बटणच दाबलं जात नव्हतं. मग बघितलं तर भोक! सेलोटेप मारला, झालं काम."

"गाणी होती त्यात माझी."

"ती जपानी ना? टेन्शन काय घेतेस, पाच आहेत की अजून."

आणि चपला घालून तो खाली पंप बघायला गेला. सोसायटीचा सेक्रेटरी ना तो! संध्याकाळी शहाजीभावोजी, त्याचे थोरले भाऊ, साताऱ्याहून येणार, त्यांना चहाबरोबर भाषण ऐकवायचं. पाच आहेत की अजून... पाच बोटं असली म्हणून सहावं दुसऱ्याने कापून न्यावं?

कोपरखैरण्याच्या त्या दीड खोलीत रविवारची दुपार झाली तरी ते वाक्य कढईतल्या जळक्या तेलासारखं घरभर होतं. अरुणाने टेप लावला. "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो..." दीड हॉर्सपॉवर. पाण्याची टाकी. मागच्या कमिटीचा नाकर्तेपणा. मध्येच शेजारच्या मालतीबाईंची ती ठरलेली शिंक. आणि ह्या सगळ्याच्या खाली, जिथे आता काहीच उरलं नव्हतं तिथे, फुमिए-सान होती.

तुर्भ्याच्या कारखान्यात अरुणा टेलिफोन बोर्डावर. जपानी इंजिनिअर आला, त्याच्या बायकोला, फुमिए-सानला, वाशीत बाजार दाखवायला कोणीतरी हवं होतं, साहेबांनी अरुणाला धाडलं. दर शनिवारी. दोघींची इंग्रजीची बोंब. मग फुमिए-सानने गाणीच शिकवायला घेतली. त्यांचीही मुळाक्षरं ओळीने येतात, अ, क, स, त, न, ह... एका अक्षराला एक कॅसेट भरायची, त्या आवाजाने सुरू होणारीच गाणी. तिने गायचं, अरुणाने मागून म्हणायचं, चुकलं की ती बोट वर करायची—"मोऊ इचिदो." पुन्हा एकदा. 'न'पर्यंतची सगळी पाठ झाली. भाकरी थापताना मी 'क'ची गाणी म्हणायचे, आणि नंदकुमार म्हणायचा, झालं सुरू चिंग-चांग! हसायचेही मी वर. का हसायचे?

'ह'च्या कॅसेटवर तीनच शनिवार झाले. हारी, म्हणजे सुई. हाशी, पूल. हाची, मधमाशी. मग पंच्याण्णवच्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, तिचे आईवडील तिथले, आणि ती दोन दिवसांत बॅग भरून गेली. महिन्याभराने तिचा नवराही परतला. अरुणाने पत्र टाकलं, ते परत आलं. दुसरं टाकलं, तेही.

त्यानंतर 'ह' लावायला हात धजला नव्हता. ठेवणीतल्या पैठणीसारखी ती गोदरेजच्या कपाटात पडून. कधीतरी ऐकू, सावकाश, एकटी असताना... आणि आता सुईच्या गाण्यातली दुसरी ओळ आठवत नव्हती. चालही नाही. मीच मूर्ख. ऐकली असती तर निदान डोक्यात तरी राहिली असती. कपाटाला कुलूप का नाही लावलं, लेबलावर नीट का नाही लिहिलं, मी—

थांब! अरुणा स्वतःवरच खेकसली. हे बरं आहे! सेलोटेप लावला त्याने आणि फटके मी खायचे? लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दरवेळी असंच: दूध उतू गेलं तर चूक माझी, त्याच्या किल्ल्या हरवल्या तर तीही माझीच. आणि ह्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती! कोरी, करकरीत! नुसती उलटी करून घातली असती तर बटण गपकन बसलं असतं, तिकडची जीभ मी मोडलीच नव्हती. उलटी करायचेही कष्ट नाहीत. पण कात्री शोधली, सेलोटेपचं टोक नखाने उकरलं, बरोब्बर मापाचा तुकडा कापला. कोणीतरी इथे मुद्दाम भोक पाडलंय, का पाडलं असेल, एवढंसुद्धा मनात आलं नाही ह्या माणसाच्या? आयजीच्या जिवावर बायजी उदार!

भाषण संपलं. टाळ्या. खट्. आणि एकदम, अर्ध्या शब्दात, फुमिए-सान.

अरुणा खाली बसली. मधमाशीचं गाणं. मागे वाशीच्या त्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. मग एक जाडाभरडा, आगाऊ, आनंदी आवाज तेच म्हणू लागला, चुकला, फसकन हसला. हा आवाज माझा? इतक्या मोठ्याने हसायचे मी? "मोऊ इचिदो, अरुणा-सान." आणि फीत संपली. चार मिनिटं असतील.

तिचं नख सेलोटेपच्या कडेला गेलं. तो काढला की बाजू पुन्हा बंद. ही चार मिनिटं सुखरूप. पण मग भाषणाची ती सव्वीसही. तो दीड हॉर्सपॉवरचा पंप, त्या टाळ्या, सगळं आता ह्याच फितीवर, फुमिए-सानच्या गळ्याला गळा लावून कायमचं. आणि सेलोटेप राहू दिला तर... तर सव्वीस मिनिटं तिच्या हातात होती. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, भाषण पुसलं जाईल, बस. भावोजी यायला दोन तास होते.

जिन्यावर पावलं वाजली. "अगं, ती कॅसेट मागे घेऊन ठेव हां, सुरुवातीपर्यंत," दारातूनच नंदकुमार म्हणाला. "दादा आले की पहिली तीच लावू."

"ऐकलं," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता. नेहमीसारखा रडवेलाही झाला नव्हता. सकाळपासून धावत असलेला राग आता मांडी घालून बसला होता, पाहुणा नव्हे, घरचाच माणूस असल्यासारखा, आणि ह्या वेळी त्याला उठवून लावायची तिला घाई नव्हती. तिने फीत मागे घ्यायला लावली. सेलोटेपची उचकटलेली कड अंगठ्याने पुन्हा दाबली, घट्ट, त्याच्या ठशावर.

मोऊ इचिदो, ती पुटपुटली.

"काय?" तो म्हणाला.